पाळी गेल्यानंतरचा उन्हाळा

२ मार्च २०२५, रविवार. अमरावती

आज वर्ष पूर्ण झालं. गेल्या वर्षी याच तारखेला शेवटची आली होती. कॅलेंडरवर पेन्सिलीनं बारीक टिंब करायची सवय तेराव्या वर्षापासूनची. जुनं कॅलेंडर काढून पाहिलं — दोन मार्चला टिंब, पुढं सगळं कोरं.

म्हणजे गेली! सलग बारा महिने आली नाही की गेली समजायची, असं म्हणतात.

कोणाला तरी सांगावंसं वाटलं. धर्मेंद्र पेपर वाचत होते. म्हटलं, "आज वर्ष झालं."

"कशाला?"

"माझी पाळी जाऊन."

पेपर खाली केला नाही. "बरं झालं. सुटलीस." आणि पान उलटलं.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगदाणे निवडत होत्या. मधे दार नाही, ऐकलं असणारच. निवडत राहिल्या. दीक्षाला हैदराबादला फोन लावला. मैत्रिणींसोबत बाहेर होती. "अगं आई, पार्टी कर!" म्हणाली, हसली, ठेवला.

सुटलीस म्हणे. कशातून?

५ मार्च, बुधवार. अकोला

आज अकरा वेळा ती आग! पोटातून निघते, छाती, मान, मग कान. कान तर असे तापतात की हात लावला तर चटका बसेल. संध्याकाळची हजेरी घेत होते, ऐंशी मुली समोर बसलेल्या, आणि ब्लाउज पाठीला चिकटला. दोन नावं सोडून पुढं गेले. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पंखा करू काय?"

अकोल्यात कोणाला घाम येत नाही? या गावाचा तेवढा एक फायदा.

तीन वर्षं झाली इथं बदली होऊन. मुलींच्या सरकारी वसतिगृहाची गृहपाल. दोन खोल्यांचं क्वार्टर, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. शनिवारी एसटीनं मूर्तिजापूरवरून अमरावती, सोमवारी पहाटेची परत. लोक विचारतात, एकटं वाटत नाही का? ऐंशी मुलींत एकटं कसं वाटेल, असं म्हणते मी. सगळ्यांना पटतं.

११ मार्च

डॉक्टरकडं गेले. "या वयात होतंच हो." चार मिनिटांत बाहेर. ताकदीच्या गोळ्या.

१९ मार्च, बुधवार. अकोला

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते.

पॅडचं कपाट माझ्या ऑफिसात असतं. मुली येतात, नाव सांगतात, मी पाकीट देते. अचलपूरची पिंकी आली — अकरावीतली, बुटकी, नेहमी घाबरलेली. चार दिवसांपूर्वीच नेलं होतं. म्हणाली, "मॅडम, अजून एक पाहिजे." मागं सात-आठ जणी रांगेत.

आणि नेमकी तेव्हाच ती आग वर आली. काय झालं कळलं नाही. "किती लागतात गं तुला? विकतेस का बाहेर?" — सगळ्यांसमोर! मोठ्यानं!

पोरगी लाल झाली. हात तसाच पुढं. मग वळून गेली. मागच्या मुलीही एकेक करून सटकल्या.

नंतर पाकीट घेऊन तिच्या खोलीकडं गेले, तर आतून आवाज आला, "म्हातारीचं डोकं फिरलं हाय." पाकीट दाराशी ठेवून आले.

राग नव्हता तो, खरं सांगायचं तर. हेवा होता. सोळा वर्षांच्या पोरीचा हेवा! छी.

२३ मार्च, रविवार. अमरावती

राजापेठेत जाता-येता एक पाटी कितीदा वाचली असेल — वैद्य सत्यभामा काळबांडे, स्त्रीरोग व पंचकर्म. आज आत गेले.

साठीच्या बाई. केस पांढरेशुभ्र, रंगवलेले नाहीत. नाडी पाहिली, जीभ पाहिली, बीपी घेतलं. मग विचारत गेल्या. झोप कशी? पोट साफ होतं का? डोळे कोरडे पडतात? आणि खाली? संबंध येतो तेव्हा दुखतं?

मी म्हटलं, "येतच नाही."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं. मला रात्री पंखा फुल लागतो, त्यांना सर्दी होते. ते हॉलमधे झोपतात."

"रडू येतं?"

तिथंच आलं! मेल्या डोळ्यांना काय सांगावं. बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला, थांबल्या. म्हणाल्या, "पौर्णिमाताई, हा आजार नव्हे. पित्ताचं वय संपते अन् वाताचं सुरू होते, त्या सांध्यावर तुमी उभ्या आहा. दोघं भांडून राह्यले. आपून त्याईले शांत करू." माझं वर्णन इतकं नेमकं कोणी केलं नव्हतं. अर्ध्या तासात मी जेवढं बोलले तेवढं वर्षभरात बोलले नसेन.

शतावरी कल्प दुधातून, सकाळ-संध्याकाळ. धने रात्री भिजवून त्याचं पाणी. काळ्या मनुका, गुलकंद, घरचं तूप. चहा दोनच. ठेचा बंद! (वऱ्हाडातल्या बाईला ठेचा बंद.) साखर, थायरॉइड तपासून आणायचं. आणि तळपायाला रोज काशाच्या वाटीनं तूप. "दुसऱ्यानं घासलं तर उत्तम. घरी कोन हाय?"

"आहेत," म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

काशाची वाटी काल रात्री मुद्दाम टीपॉयवर ठेवली होती. तुपाची डबी शेजारी. धर्मेंद्रनी पाहिली. "हे काय?"

"वैद्यांनी दिलंय. तळपायाला घासायचं."

"नीट ठेव. तूप सांडून घसरेल कोणी."

वाटी पिशवीत टाकली, पहाटेची एसटी धरली.

२७ मार्च. अकोला

स्वतःचे पाय स्वतः घासताना कंबर भरून येते. डावा झाला की उजव्याची इच्छा राहत नाही.

६ एप्रिल, रविवार. अमरावती

आजपासून सात रविवार तेल. दवाखान्यामागच्या खोलीत लाकडी टेबल, त्यावर जुनी चादर. तेल लावणाऱ्या बाईचं नाव पंचफुला. मोर्शीकडची, पन्नाशीची, मनगटं पुरुषासारखी.

"लुगडं सोडून पडा बाई. लाजू नोका, म्या सगळं पाह्यलेलं हाय."

कोमट तीळतेल. पहिला हात पाठीवर पडला आणि अंग एकदम आखडलं. मग लक्षात आलं — किती महिन्यांनी कोणाचा हात लागतोय अंगाला. बसमधला धक्का सोडला तर. मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं.

रडले. उशीत तोंड खुपसून, आवाज न करता. तिला कळलंच.

"रडा. अठी सगळ्याच रडतेत. म्हनून तं चादर रोज बदलतो मी."

हात थांबला नाही तिचा. पायांपर्यंत गेली. तळवे घासताना विचारलं, "कोनी लावून देत नाई काय घरी?" मी झोपल्याचं सोंग केलं.

१४ एप्रिल, सोमवार. अकोला

जयंती. पांढरी साडी. सकाळी मुलींसोबत वंदना, संध्याकाळी मिरवणूक. मुली नाचल्या, मला ओढलं, मीही नाचले! पाच मिनिटं तर नाचलेच. मग आग आली. बाजूच्या दुकानाच्या ओट्यावर टेकले. पुसून होईपर्यंत मुली चौकापार गेल्या होत्या. कोणी मागं वळून पाहिलं नाही. पाहावं तरी का?

२० एप्रिल, रविवार. अमरावती

अकरावरून सहावर आलं. वैद्यबाईंना मोजणीचा कागद दाखवला, खूश झाल्या. थायरॉइड ठीक, साखर ठीक. औषध तेच. श्वासाचा एक प्रकार शिकवला — जिभेची नळी करून हवा आत ओढायची. तोंडात थंडगार लागतं, बर्फाच्या गोळ्यासारखं. दीक्षा लहान असताना जिभेची अशीच नळी करायची.

सासूबाईंनी आज भाजीत तिखट कमी घातलं. मी सांगितलं नव्हतं. धर्मेंद्र म्हणाले, "आज भाजीला चवच नाही." सासूबाई म्हणाल्या, "असू दे. खा गुमान."

३० एप्रिल, बुधवार. अकोला

परीक्षा संपल्या. मुली गेल्या. सकाळपासून रिक्षा, गाद्यांच्या वळकट्या, बापांच्या सह्या. बऱ्याच जणी "येतो मॅडम" म्हणायला आल्या. पिंकी आली नाही. तिच्या वडिलांनी सही केली, ती गेटबाहेर पाठ करून उभी होती. हाक मारावी म्हणून दारापर्यंत गेले. तिथूनच परत फिरले.

६ मे

पंचेचाळीस डिग्री. ऐंशी खाटा रिकाम्या. एका नळाला थेंब-थेंब गळती आहे, दिवसभर ऐकू येते.

९ मे, शुक्रवार

काल कोणाशीच बोलले नाही. आज दूधवाल्याला "दोन पाकिटं" म्हटलं तर आवाज घोगरा निघाला.

पण आग — दिवसाला तीन. झोप सलग पाच तास! हे शतावरीनं की पंचफुलाच्या हातानं, कोण सांगणार. मी तरी आठवडाभर रविवारची वाट पाहते, हे खरं आहे.

१४ मे, बुधवार. अकोला

आली!!

सकाळी उठले तर परकराला डाग. विश्वासच बसेना. बाथरूममधे किती वेळ उभी होते. पोटात तशीच ओळखीची कळ.

ऑफिस उघडलं, कपाटातलं एक पाकीट घेतलं. गेलं वर्षभर नुसती देतच होते.

हसू येत होतं. एकटीच हसले. सगळ्या इमारतीत ऐकायला कोणी नाही, म्हणून मोठ्यानं हसले. संध्याकाळी बाजारात जाऊन पोपटी साडी घेतली. मला पोपटी शोभतं, असं आई म्हणायची.

कोणाला सांगणार नाही. माझं आहे हे.

१८ मे, रविवार. अमरावती

पोपटी साडी नेसले होते. पंचफुला म्हणाली, "बाई, आज चेहरा लय उजळला!" तिलाही सांगितलं नाही. शेवटचं तेल झालं. जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. धर्मेंद्रनी साडीकडं पाहिलं. "नवीन?" एवढंच. तरी एक शब्द आला!

२७ मे. अकोला

परत. तेराच दिवसांत. या वेळी कमी, पण काळपट. आणि कंबर फार दुखते.

आज हसू आलं नाही.

१ जून, रविवार. अमरावती

वैद्यबाईंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील — बघा, औषध लागू पडलं!

त्यांनी पेन खाली ठेवलं. "केव्हा आली?"

"चौदा मेला. मग सत्तावीसला."

"अन् त्याआधी वर्षभर काही नव्हतं? डागही नाही?"

"नाही. पण बाई, मला बरं वाटतंय. तुमच्या औषधानं परत —"

"नाई." इतक्या जोरात म्हणाल्या की मी दचकले. "पौर्णिमाताई, वर्ष उलटल्यावर जे जाते ते पाळी नव्हे. ते रक्त हाय. त्याले पाळी म्हनू नोका. आजपासून माह्यं सगळं औषध बंद. शतावरीपन बंद. आधी सोनोग्राफी."

मला राग आला. "म्हणजे तुमच्याकडं यावर काही नाही?"

"हाय नं. पन कशावर देऊ? आत काय हाय ते पाह्यल्याबिगर म्या काढा देला तं वैद्य कशाची मी?" मग आवाज उतरला. "बहुतेक वेळा साधंच निघते. पन एखादीचं साधं नसते. त्या एकीसाठी सगळ्याईले तपासा लागते. दोन आठवडे काहून थांबल्या तुमी?"

काय सांगू, काहून थांबले! मला वाटलं मी परत आले.

त्यांनी ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. स्वतः फोन करून मंगळवारची वेळ घेतली. दारापर्यंत सोडायला आल्या.

पोपटी साडी बॅगेच्या तळाशी आहे.

३ जून, मंगळवार. अमरावती

रजा टाकली. घरी सांगितलं, ऑफिसची मीटिंग आहे.

गर्भपिशवीचं अस्तर जाड झालंय म्हणे. पाच मिलिमीटर हवं तिथं अकरा. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलल्या. तुकडा काढून तपासायचा. शुक्रवारी सकाळी, उपाशीपोटी. "कॅन्सर असेल का?" मी विचारलं. "म्हणूनच तर तपासायचं," म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

६ जून, शुक्रवार. अमरावती

फॉर्मवर नर्सनं बोट ठेवलं. "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मी सही करते ना."

"भूल देणार आहे मॅडम. सोबत माणूस लागतेच."

धर्मेंद्रना फोन लावला. ते पाटबंधारेच्या कामावर चिखलदऱ्याकडं, रेंज नाही. चारदा लावला. शेवटी घरचा मोबाइल लावला. सासूबाईंनी उचलला. चौऱ्याहत्तरीच्या बाईला काय सांगायचं? म्हटलं, "आई, दवाखान्यात आहे. एक सही पाहिजे." दवाखान्याचं नाव सांगितलं.

त्यांनी काहीच विचारलं नाही. चाळीस मिनिटांत ऑटोतून उतरल्या. पायात एक चप्पल त्यांची, एक माझी.

नर्सनं विचारलं, "आई काय यांच्या?"

"सासू."

नर्स हसली.

"हसाले काय झालं वं? सासू मानूस नसते काय?"

पेन घट्ट धरून, एकेक अक्षर लावून सही केली — दुर्गाबाई. साठाव्या वर्षी विहारातल्या वर्गात शिकल्या होत्या. इतकी सावकाश सही मी कोणाची पाहिली नाही.

शुद्धीवर आले तेव्हा स्टुलावर बसलेल्या होत्या. "दुखलं काय?"

"नाही."

"लय वेळ लागला."

ऑटोत खड्डा आला की त्यांचा हात माझ्या पोटापुढं आडवा यायचा.

संध्याकाळी धर्मेंद्र आले. सासूबाईंनी सांगितलं असावं. खोलीच्या दारात उभे राहिले. "मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "काय सांगायचं होतं?"

खाटेच्या कडेला बसले. दहा मिनिटं असतील. चादरीचा एक दोरा ओढत होते. मग "आराम कर" म्हणाले आणि हॉलमधे गेले. त्यांना भीती वाटली होती का? कळत नाही. सत्तावीस वर्षांनीसुद्धा मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

९ जून. अकोला

अकरा दिवस लागतील म्हणे रिपोर्टला.

११ जून

काही नाही.

१२ जून

दीक्षाला सांगितलं. रडली. येते म्हणाली. मीच नको म्हटलं. ठेवल्यावर वाटलं, का नको म्हटलं?

१३ जून

वैद्यबाईंचा फोन. "आला काय रिपोर्ट? नाई? बरं. जेवल्या काय?" मग मागून पंचफुलाचा आवाज — "बाईले म्हना, पायाले तूप लावत जा. तूप लावाले रिपोर्ट लागत नाई."

लावलं. दोन्ही पायांना.

१७ जून, मंगळवार. अमरावती

साधं निघालं! कॅन्सर नाही. अस्तर वाढलंय, पेशी बिघडलेल्या नाहीत. सहा महिने गोळ्या, मग परत तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. असंच राहिलं असतं तर पुढं बिघडू शकलं असतं." सरळ राजापेठेत गेले. वैद्यबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. "आता त्याईच्या गोया पहिले. माह्या जडीबुटीतलं काही घ्याचं तं त्याईले विचारून. तूप, मनुका, धन्याचं पानी चालू ठेवा. अन् झोप." पंचफुलानं बाहेर येऊन तेलकट हातांनीच मला कवटाळलं. ब्लाउज खराब झाला. होऊ दे!

घरी सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडं फार वेळ पाहिलं, मग गॅसकडं वळल्या. धर्मेंद्र म्हणाले, "चला. सुटलो." आणि टीव्ही लावला.

मला वाटलं होतं, आज काहीतरी वेगळं होईल. काय, ते माहीत नाही. जेवणं झाली, ताटं घासली.

३० जून, सोमवार. अकोला

वसतिगृह उघडलं. पिंकी आली. संध्याकाळी हजेरी झाल्यावर सगळ्यांना बसवून ठेवलं. म्हटलं, "मार्चमधे मी पिंकीला तुमच्यासमोर वाईट बोलले. तिची काही चूक नव्हती. माझी होती." पिंकी जमिनीकडं पाहत होती. मुली उठल्या तशी निघून गेली. ठीक आहे. मी माफ कर म्हटलं नव्हतंच, चूक सांगितली. दार लावताना मागं एक मुलगी थांबली — दुसरीच कोणी. "मॅडम, माह्या मायलेबी असंच होते, घाम सुटते अन् राग येते. मी तिले फोन लावून देऊ काय तुमाले?"

वीस मिनिटं बोललो. मी आणि ती अनोळखी बाई, शेंदूरजनाघाटची. नावही विचारायचं राहिलं.

६ जुलै, रविवार. अमरावती

उद्याची बॅग भरत होते. सासूबाई आत आल्या. दार लावून घेतलं. खाटेवर बसल्या, गुडघ्यांवर हात.

"त्या डॉक्टरीनबाईकडे मले नेशील काय?"

"काय झालं आई?"

"मलेबी जाते. लाल. दिवाईच्या आंधीपासून. चिंध्या घेतो. कोनाले सांगाव माय? धर्मेंद्रले सांगू नोको."

बॅगेतले कपडे काढून परत कपाटात ठेवले.